प्रस्तावना: बेल, धायटी आणि एन्टेरोव्हायरस

पावसाळा लागून अंगणवाड्या भरल्या की मिरजोळ्यातल्या कुठल्या ना कुठल्या घरातून तक्रार ऐकू येते, पोर दोन दिवस धड जेवलेलं नाही. आधी बारीक ताप, मग जिभेवर आणि गालाच्या आतून फोड, मग तळहातांवर, तळपायांवर, कधी गुडघ्यांवर नि ढुंगणावर लालसर पुरळ. आजी कांजिण्या म्हणते, शेजारीण गोवर म्हणते. डॉक्टर तोंड बघतात, तळवे बघतात आणि सांगतात, हँड-फूट-माउथ आहे, आठवड्या-दहा दिवसांत उतरेल, पाणी पाजत राहा, ताप आला तर तापाचं औषध द्या. आई विचारते, मग रोगावरचं औषध? या विषाणूला मारणारं मान्यताप्राप्त औषध आज जगातल्या कुठल्याच दवाखान्यात नाही. हे पुस्तक त्या आईच्या प्रश्नापाशी सुरू होतं.

हा आजार ज्यांच्यामुळे होतो त्या विषाणूंचं घराणं मोठं आहे. एन्टेरोव्हायरस म्हणजे आतड्यात मुक्काम करणारे विषाणू. पोलिओ त्यांच्यातलाच. हृदयाच्या स्नायूला सूज आणणारे कॉक्सॅकी बी गटाचे विषाणू त्यांच्यातले, लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे एको विषाणू त्यांच्यातले, आणि आपल्याला दर हिवाळ्यात शिंकायला लावणारे ऱ्हायनोव्हायरसही आता याच प्रजातीत गणले जातात. हात-पाय-तोंडाचा आजार बहुतेक वेळा कॉक्सॅकी ए१६ किंवा ए६ यांच्यामुळे होतो आणि आपोआप बरा होतो. पण त्याच लक्षणांनी येणारा एन्टेरोव्हायरस ए७१ कधी कधी मेंदूच्या देठापर्यंत पोचतो. १९९८ साली तैवानमध्ये त्याच्या साथीत ७८ मुलं दगावली. आपल्या देशात केरळातल्या कोळिकोडला २००३ मध्ये जी साथ आली, तिच्यामागेही ए७१ सापडला होता. मूल सारखं दचकत असेल, उलट्या थांबत नसतील, पेंगत असेल किंवा धाप लागली असेल तर घरी थांबू नये, एवढं प्रस्तावनेतच सांगून ठेवतो. ते मधल्या प्रकरणापर्यंत लांबवण्यासारखं नाही.

विषाणूची बांधणी समजल्याशिवाय औषधाची गोष्ट पुढे सरकत नाही. सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचा हा गोळा. बाहेर चार प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रतींनी सांधलेलं कवच, आत साडेसात हजारांच्या आसपास अक्षरांचा आरएनएचा एकच धागा. कवचावर चरबीचं वेष्टन नाही. सगळी मेख इथे आहे. वेष्टन नसल्यामुळे जठरातलं आम्ल त्याला बाधत नाही, साबणाने तो मरत नाही, फक्त हातावरून निघून जातो, आणि करोनाच्या काळात आपण ज्याच्यावर विसंबलो ते अल्कोहोलचं सॅनिटायझरही त्याच्यावर तोकडं पडतं. क्लोरीन मात्र त्याला मारतं. विहिरीत ग्रामपंचायतीचा माणूस क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतो, त्या एका कृतीत एन्टेरोव्हायरसविरुद्धचं आपल्या हातातलं सर्वांत खात्रीचं रसायन आहे. मूल बरं झाल्यावरही त्याच्या शौचातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून दुपटी धुणाऱ्या हातांची काळजी पुरळ गेल्यावरही सोडायची नाही.

महाराष्ट्राला हे घराणं परकं नाही. परळला हाफकिन संस्थेच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र होतं. आज ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचं मुंबई एकक आहे. देशभरातून आलेल्या लुळ्या पडलेल्या मुलांच्या शौचाचे नमुने तिथे तपासले गेले, कुठला पोलिओ जंगली आणि कुठला लशीतून आलेला हे तिथे ठरलं. भारतातला शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. या यशात परळच्या त्या प्रयोगशाळेचा वाटा लस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांइतकाच मोलाचा आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे.

त्याआधीची एक हकिकत मला याहून महत्त्वाची वाटते. १९६९ मध्ये घानामध्ये डोळ्यांची एक नवी साथ उद्भवली, डोळे लालभडक होऊन त्यांत रक्त उतरायचं. १९७१ मध्ये ती मुंबईत आली. लोकांनी डोळे आले म्हणून चार दिवस काळा चष्मा लावला आणि विसरून गेले. पण काही रुग्ण पुढच्या काही आठवड्यांत पाय लुळे पडले म्हणून इस्पितळात येऊ लागले, तेही धडधाकट, प्रौढ माणसं. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी इराणी व कात्रक यांनी लुळ्या पायांचा आणि लाल डोळ्यांचा संबंध जोडला आणि तो लॅन्सेटमध्ये मांडला. त्या साथीमागचा विषाणू एन्टेरोव्हायरस ७० ठरला. डोळ्यात शिरलेला विषाणू मज्जारज्जूपर्यंत जाऊ शकतो हे रुग्णाला नीट विचारपूस करून, मागच्या महिन्यात काय झालं होतं हे ऐकून घेऊन कळलं. (डोळे येण्यामागे दर वेळी एन्टेरोव्हायरसच असतो असं नाही, ॲडेनोव्हायरसही असतो. पण कोणता आहे ते तपासायची सवय लागायला हवी.)

आता वनस्पतींकडे येऊ. झाडपाल्याच्या औषधांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मतं आहेत. एक म्हणतो, आमच्या आजीला सगळं माहीत होतं. दुसरा म्हणतो, पाला तो पालाच. दोघांनाही तपासण्याचा कंटाळा असतो. पुण्यात मात्र ते तपासलं गेलं, आणि तेही याच विषाणूंवर. १९९९ मध्ये बदाम, जोशी आणि बेडेकर यांनी राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत कडुलिंबाच्या पानांच्या मिथेनॉलमध्ये उतरवलेल्या अर्काचा एक अंश कॉक्सॅकी बीच्या सहाही प्रकारांवर लावून बघितला. त्या अंशाचं नाव एनसीएल-११. दर मिलिलीटरला १००० मायक्रोग्रॅम या मात्रेत त्याने सहाही प्रकार रोखले. विषाणू पेशीत शिरताना आणि शिरल्याशिरल्या त्याचा प्रभाव सर्वाधिक दिसला, बी४ या प्रकारावर तर तो थेट विषाणूलाच निकामी करत होता. २००२ मध्ये याच गटातल्या मंडळींनी बेल घेतला. पान, साल, मूळ, फळ सगळं वेगवेगळं तपासलं आणि बेलातून वेगळं काढलेलं मार्मेलाइड हे शुद्ध द्रव्य सगळ्यांत सरस ठरलं. विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला ते ६२.५ मायक्रोग्रॅम पुरलं, तर तुलनेसाठी घेतलेल्या रिबाव्हिरिन या औषधाचे २००० मायक्रोग्रॅम लागले.

हा प्रयोग डोळ्यांसमोर आला तर आकड्यांना अर्थ येतो. प्लास्टिकच्या तबकडीत, नखाएवढ्या खळग्यांत पेशींचा एक सलग थर वाढवतात. त्यावर विषाणू टाकतात आणि वरून अगारचा पातळ थर ओततात, म्हणजे विषाणूला दूर पसरता येत नाही, फक्त शेजारच्या पेशीला तो गाठू शकतो. तीन-चार दिवसांनी रंग घालतात. जिवंत पेशी रंग धरतात. जिथे विषाणूने पेशी मारल्या तिथे गोल, कोरा ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे सुरुवातीचा एक विषाणू. मग शेजारच्या खळग्यात अर्क घालून तेच करतात आणि ठिपके मोजतात. शंभराचे पन्नास झाले तर त्या मात्रेला निम्मी मात्रा म्हणतात. पण त्याच वेळी विषाणू न घालता नुसता अर्क पेशींवर घालून बघावा लागतो, कारण पेशीच मेल्या तर विषाणूही वाढत नाही आणि अर्क फार गुणकारी आहे असं वाटू लागतं. पेशीला मारणारी मात्रा भागिले विषाणूला रोखणारी मात्रा, हा भागाकार जितका मोठा तितकं ते द्रव्य कामाचं. झाडपाल्याच्या कुठल्याही बातमीत हा भागाकार दिलेला नसेल तर ती बातमी बाजूला ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्याच्या त्या कामाबद्दल मला अभिमान आहे, आणि अभिमान असल्यामुळेच त्याची कसून तपासणी केली पाहिजे. दर मिलिलीटरला १००० मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात पाऊण लिटरच्या वर रक्त असतं. नुसत्या रक्तात ती मात्रा टिकवायची तर पाऊण ग्रॅमहून जास्त अर्क पोटातून पूर्णपणे शोषला गेला पाहिजे आणि यकृताने त्याला हात लावता कामा नये. शरीरातल्या सगळ्या पाण्याचा हिशेब धरला तर आकडा सहा ग्रॅमच्या आसपास जातो. तसं घडत नाही. मार्मेलाइडची मात्रा याच्या सोळाव्या हिश्शाने आहे, म्हणून ते जास्त आशादायक. तरीही जोरकस म्हणता येतील अशी विषाणूरोधक औषधं एका मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली काम करतात. शिवाय रिबाव्हिरिन या विषाणूंवर मुळातच लेचंपेचं आहे, त्याला हरवलं म्हणजे फार मोठी मजल मारली असं होत नाही. शुद्ध द्रव्य हाती आलं होतं, त्याची रचना माहीत होती, पुढे त्यात बदल करून अधिक ताकदीचे भाऊबंद तयार करायला वाव होता. त्या वाटेवरून औषध झालं नाही, ही खंत या पुस्तकाच्या पानापानांत आहे.

दरम्यान पूर्व आशियाने या विषयावर ठाण मांडलं, कारण ए७१ने त्यांची मुलं नेली होती. आणि चुटपूट लावणारी गोष्ट अशी की त्यांनी तपासलेल्या कितीतरी वनस्पती आपल्या सड्यावर आणि घाटात उभ्या आहेत. तैवानमध्ये २००५ साली सब्जाच्या झाडातलं अर्सोलिक आम्ल कॉक्सॅकी बी१ आणि ए७१ यांवर परिणामकारक दिसलं. सह्याद्रीतल्या हिरड्यातलं चेब्युलॅजिक आम्ल आणि डाळिंबाच्या सालीतलं प्युनिकॅलॅजिन यांनी ए७१ची बाधा झालेल्या उंदरांचा मृत्यूही कमी केला, म्हणजे ही दोन द्रव्यं तबकडीच्या एक पायरी पुढे गेली. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिक आम्लाने कॉक्सॅकी ए१६ला पेशीबाहेरच निकामी केलं. एपिजेनिन या फ्लेव्होनॉइडची चाल वेगळी. आपल्या पेशीतलं जे प्रथिन विषाणूच्या आरएनएला मदत करतं, त्यांची गाठच ते पडू देत नाही. रुटिन आणि फिसेटिन विषाणूची ३सी नावाची कात्री बोथट करतात. विषाणू आपली सगळी प्रथिनं एका लांब पट्टीच्या रूपात बनवतो आणि या कात्रीने तिचे तुकडे करतो. कात्री चालली नाही तर पट्टी तशीच पडून राहते.

यांतली माझ्या मनाला सगळ्यांत जवळची वनस्पती धायटी. २०१० मध्ये कोरियातल्या संशोधकांनी धायटीच्या फुलांतून गॅलिक आम्ल वेगळं काढून ते ए७१ला रोखतं हे दाखवलं. मिरजोळ्याच्या आसपास कुठल्याही डोंगरउतारावर उन्हाळ्याच्या तोंडाशी ही झुडपं भरून येतात. पाना-फांदीच्या बेचक्यात लालभडक, बोटाच्या पेराहून लहान नळीसारखी फुलं, खोडाला चिकटून ओळीने. वाळली तरी रंग धरून राहतात. काष्ठौषधींच्या दुकानात ती मिळतात आणि वैद्य ती आसव-अरिष्टांत टाकतात, कारण त्यांच्याबरोबर येणाऱ्या यीस्टने रस आंबतो. गॅलिक आम्ल काही धायटीपुरतं नाही. ते आवळ्यात आहे, चहात आहे आणि आंब्याच्या कोयीत भरपूर आहे. कॅनिंगचा हंगाम संपताना रत्नागिरीत कोयींचे ढीग पडतात, ते बहुतेक वाया जातात. संशोधनाला लागणारा कच्चा माल इथे फुकट आहे, असं म्हणायला हरकत नाही.

तरी कसून तपासणीचा तोच नियम धायटीलाही लावायला हवा. हिरड्याची आणि डाळिंबाची द्रव्यं ही टॅनिनांची मंडळी, आणि गॅलिक आम्ल हा टॅनिनांचाच एक घटक. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. हिरडा चावल्यावर जीभ आखडते ती त्यामुळेच. विषाणूचं कवच हेही प्रथिनच, तेव्हा तबकडीत टॅनिन जिंकणारच. रक्तात मात्र इतकी प्रथिनं तरंगत असतात की टॅनिन त्यांतच अडकून पडतं, आणि आतड्यातून ते शोषलंही फार कमी जातं. हळदीतल्या कुरकुमिनची अवस्थाही अशीच. प्रयोगशाळेत कॉक्सॅकी बी३ पासून ए७१ पर्यंत सगळ्यांवर चालतं, शरीरात काही मिनिटांत विघटन पावतं. तैवानच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कुरकुमिन तापवून त्याचे कार्बनचे अतिसूक्ष्म कण बनवले आणि ते उंदरांना ए७१पासून वाचवताना दिसले. पण ते कण म्हणजे हळद राहिलेली नाही. दुधात हळद घालून पोराला पाजणाऱ्या आईने या प्रयोगाचा आधार घेऊ नये.

अपयशाची एक गोष्ट यशाच्या दहा गोष्टींहून जास्त शिकवते म्हणून पुस्तकात तिला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. जपानमधल्या रॉश कंपनीच्या संशोधकांना एका चिनी औषधी वनस्पतीत ऱ्हायनोव्हायरस आणि कॉक्सॅकी यांना रोखणारा फ्लेव्होन गटातला रेणू सापडला. त्याचा माग काढता काढता त्यांनी चाल्कोन गटातला एक रेणू गाठला, आरओ ०९-०४१०. तबकडीत तो ऱ्हायनोव्हायरसला अत्यल्प मात्रेत रोखायचा. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांच्या नाकात विषाणू सोडून त्याची परीक्षा झाली, एकदा त्याचं पोटातून घ्यायचं रूप देऊन, एकदा नाकात फवारून. दोन्ही वेळा सर्दी थांबली नाही. तोंडाने घेतलेलं औषध रक्तात सापडलं, पण नाकाच्या स्रावात पोचलंच नव्हतं. वनस्पतीच्या वाटेने न आलेल्या प्लेकोनॅरिलचं नशीबही फार वेगळं नव्हतं. कवचातल्या खोबणीत बसून विषाणूला उघडू न देणारं हे औषध सर्दीवर थोडंफार चाललं, पण ते गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करत होतं आणि विषाणू त्याला दाद देईनासेही होऊ लागले होते. २००२ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी नाकारली.

आणि समजा, एखादं द्रव्य चाललंच, तर झाडाचं काय होतं? नरक्या हे त्याचं जिवंत उदाहरण आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर वाढणाऱ्या या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे, ज्याच्यापासून कर्करोगावरची टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही औषधं बनतात. २०१७ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांना तेच कॅम्प्टोथेसिन ए७१लाही रोखताना दिसलं. ते इतकं विषारी आहे की लहान मुलांच्या पुरळासाठी कोणी त्याचा विचार करणार नाही, पण कर्करोगाच्या मागणीनेच सह्याद्रीतला नरक्या चोरट्या तोडीत पार विरळ झाला. झाड मुळासकट जातं, गावाच्या हाती किलोमागे चार पैसे येतात आणि औषध भलत्याच देशात विकलं जातं. बेल आणि धायटी यांच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून लागवडीचा आणि वाट्याचा विचार संशोधनाच्या पहिल्या दिवसापासून व्हायला हवा. जैवविविधता कायदा २००२ पासून आहे आणि गावागावात जैवविविधता समित्याही आहेत. त्यांनी नुसत्या नोंदवह्या भरून थांबू नये.

इतक्या अडचणी असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असं आहे. ए७१ची लस चीनने २०१५ च्या अखेरीस मान्य केली, पण ती फक्त ए७१ वर चालते. शंभराहून अधिक प्रकारांच्या या घराण्यातल्या प्रत्येकासाठी लस बनणार नाही. पोलिओचा शेवटही औषधाशिवाय पुरा होत नाही. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेली काही मुलं लशीतला पोलिओ विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं शौचातून सोडत राहतात. त्यांना लस देऊन उपयोग नाही, त्यांना विषाणू मारणारं औषधच लागेल. आणि विषाणू नक्कल करताना इतक्या चुका करतो की एकट्या औषधाला तो लवकरच चुकवतो. दोन-तीन वेगवेगळ्या चालींची द्रव्यं एकत्र लागतील. एपिजेनिनसारखं आपल्याच पेशीतल्या मदतनिसाला रोखणारं द्रव्य त्या जोडीत बसू शकतं, कारण आपलं प्रथिन बदलणं विषाणूच्या हातात नाही.

टॅनिनांबद्दल मला एक शंका आहे, ती इथे मांडतो, कारण ती मांडलेली फारशी वाचायला मिळत नाही. ती शोषली जात नाहीत हा हृदयाच्या किंवा मेंदूच्या आजारासाठी दोषच. पण एन्टेरोव्हायरस तोंडात आणि आतड्यात वाढतो. जे द्रव्य रक्तात न जाता आतड्यातच राहतं, त्याने तिथल्या विषाणूची गाठ घेतली तर? अन्नातली प्रथिनं त्याला आधीच खाऊन टाकतील हे खरं असू शकेल. मात्रा, वेळ, अन्नाआधी की नंतर, हे सगळं मोजूनच ठरेल.

आणि मोजणी नीट झाली नाही तर या आजारात कुठलंही पान गुणकारी ठरेल, कारण तो मुळातच दहा दिवसांत बरा होतो. म्हणून निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना दिसायला-चवीला तसंच पण औषध नसलेलं काही, कोणाला काय दिलं हे ना आई-वडिलांना माहीत ना तपासणाऱ्या डॉक्टरला, आणि सगळ्याला पालकांची समजून-उमजून दिलेली संमती, इतकं झाल्याखेरीज एक थेंबही पोराच्या तोंडात जाऊ नये. मेंदूपर्यंत जाणारी गुंतागुंत इतकी विरळा आहे की ती कमी झाली का हे बघायला हजारो मुलं लागतील; त्यावर पहिली चाचणी उभी करता येणार नाही. मोजायचं ते शौचातल्या विषाणूचं प्रमाण आणि तो किती दिवस बाहेर पडत राहतो. ते मोजण्याची पद्धत, थंड पेटीतून नमुना पोचवण्याची शिस्त आणि अहवाल वाचणारी माणसं या राज्यात पोलिओमुळे कित्येक दशकं तयार होत आली आहेत.